पत्त्यावरील मोर्तब

पत्ता लिहिण्याची आपली रीत मोठी मौजेची आहे. पाकिटावर प्रथम माणसाचें नांव, मग घर, मग आळी, मग गांव, तालुका, आणि सर्वांच्या शेवटीं जिल्हा. लिहिणारा लहानाकडून मोठ्याकडे जातो. टपालकचेरींत बसून पत्रें निवडणारा कारकून मात्र तोच पत्ता उलट, खालून वर, वाचीत असतो. त्याला आधीं जिल्हा हवा, मग तालुका, मग गांव. पत्र ज्याला पाठविलें त्याचें नांव किती वळणदार अक्षरांत लिहिलें आहे याचें त्याला सोयरसुतक नसतें. शेवटीं "जिल्हा सातारा" असलें म्हणजे आरंभीं कोणी "मुंबई" नांवाच्या बंगल्याचा उल्लेख केला म्हणून तो तें पत्र मुंबईच्या थैलींत टाकीत नाहीं. हल्लीं ज्यांना आपण संकेतस्थळें म्हणतों त्यांचे पत्ते नेमके याच रीतीनें रचलेले असतात, आणि ते वाचावयाचे तेहि त्या कारकुनाप्रमाणेंच, शेवटाकडून. एवढीशी ही गोष्ट. पण ती शाळेंत किंवा कॉलेजांत सहसा कोणी शिकवीत नाहीं, आणि ती ठाऊक नसल्यामुळें आमच्या आसपासच्या घरांतून जो पैसा व जी मनःशांति जाते ती पाहून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जून-जुलैच्या दिवसांत कॉलेजच्या कचेरीबाहेर उभें राहिलें म्हणजे एकच प्रश्न पुनःपुन्हां कानीं येतो: "सर, खरी साइट कोणती?" आम्ही या व्यवसायांत पडलों तेव्हां विद्यार्थी विचारीत कीं, शेक्सपिअरवर कोणतें पुस्तक वाचावें. तो प्रश्न आतां फारसा कोणी करीत नाहीं, याचें दुःख निराळें. असो. गेल्या वर्षीं आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गांतील एक विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती घेऊन आमच्याकडे आला. वडील तालुक्याच्या गांवीं शिवणकाम करतात. त्या घरांतून कॉलेजची पायरी चढणारा हा पहिलाच मुलगा. त्यानें मोबाइलवर शोध केला, पहिलें दिसलें तें स्थळ उघडलें, आधार क्रमांक, बँकेच्या खात्याचा क्रमांक, दाखल्यांचीं छायाचित्रें असें सर्व कांहीं भरलें, आणि "छाननी शुल्क" म्हणून ८५० रुपयेहि पाठविले. मुदत टळून गेल्यावर कळलें कीं, त्याच्या नांवाचा असा अर्ज सरकारदरबारीं पोंचलेलाच नाहीं.

आम्हीं तें पान पाहिलें. वर सिंहांची राजमुद्रा, बाजूला मंत्रिमहाशयांचें हंसतमुख छायाचित्र, खालीं सरकत्या अक्षरांत सूचना. इतकेंच नव्हे, तर सरकारी मराठीहि हुबेहूब साधलेली! खोटेपणा एकाच ठिकाणीं होता आणि तो लपविलेलाहि नव्हता. वरच्या पट्टींत उघड्या अक्षरांत लिहिलेला होता. मुलानें तिकडे पाहिलें नव्हतें. त्यानें कां पाहावें? शिवणयंत्राच्या अंगावर कोरलेला क्रमांक जसा कोणी वाचीत नाहीं, तशी ती ओळ त्याला वाटली असली तर नवल नाहीं. राजमुद्रा त्याला शाळेपासून ओळखीची होती. पत्ता वाचावयास त्याला कोणीं शिकविलें होतें?

रूपावरून ओळख पटविण्याचा हा मोह आपल्या लोकांना नवा नाहीं. पानिपतच्या रणांत सदाशिवरावभाऊ नाहींसे झाल्यावर पंधरा वर्षांनीं, म्हणजे १७७६ सालीं, "भाऊ तो मीच" असें म्हणणाऱ्या एका तोतयानें कोंकणांत केवढी धामधूम उडविली, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. तात्यासाहेब केळकरांच्या "तोतयाचें बंड" या नाटकामुळें तें घरोघरींहि पोंचलें. चेहरामोहरा मिळता, बोलण्याचालण्याचा डौल तोच, आणि लोकांच्या मनांत भाऊंनीं परत यावें ही उत्कट इच्छा. एवढ्या भांडवलावर त्याच्यामागें फौज जमली आणि किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. नाना फडणिसांनीं शेवटीं त्याचा निकाल लावला तो मुद्रा न्याहाळून नव्हे, तर याची ओळख देणारा कोण आणि ती तो कशाच्या आधारें देतो, हें तपासून. संकेतस्थळाच्या बाबतींतहि प्रश्न हाच आहे. पान कसें दिसतें याला किंमत नाहीं, कारण रूप क्षणांत उचलतां येतें. राजमुद्रेच्या गैरवापराला बंदी करणारा कायदा २००५ सालीं झाला. पण चित्राची नक्कल करणाऱ्याच्या बोटाला कायदा आडवा येत नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच कीं, हें नांव धारण करण्याचा अधिकार याला कोणीं दिला?

त्या अधिकाराची व्यवस्था कशी लागली हें थोडें सांगितलें पाहिजे. संगणकांचें जाळें लहान होतें तेव्हां त्यांतील सर्व यंत्रांच्या नांवांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखालीं तें दप्तर चाले. नवें यंत्र आलें कीं यादींत एक ओळ वाढे. यंत्रें वाढूं लागलीं तशी ही एकहातीं चिटणिशी अशक्य झाली. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांची वतनदारी वांटून देण्याची योजना मांडली: वरच्या अधिकाऱ्यानें खालच्याला एक शाखा द्यावी, आणि तिच्या आंत कोणास काय नांव द्यावयाचें तें खालच्यानें ठरवावें. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १९८४ मध्यें, जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनीं वरच्या शाखा नेमून दिल्या: सरकारास "गव्ह", शिक्षणसंस्थांस "एज्यु", व्यापाऱ्यांस "कॉम", सैन्यास "मिल", इतर संस्थांस "ऑर्ग"; आणि प्रत्येक देशास दोन अक्षरें. आपल्या वांट्यास "इन" आलें.

येथें एक गंमत आहे. नुसतें "गव्ह" म्हणजे अमेरिकेचें सरकार. इतरांनीं त्यापुढें आपापल्या देशाचीं अक्षरें लावावींत. इंग्लंडनें १८४० सालीं पहिलें टपालाचें तिकीट काढलें म्हणून त्याच्या तिकिटावर आजहि देशाचें नांव नसतें, राजाराणीचें मस्तक पुरतें. त्याच मासल्याचा हा मान. पहिल्या पंगतीला बसणाऱ्यास पान मांडून घेण्याची सोय असते.

आतां एक पत्ता उकलून पाहूं. (छापण्याच्या सोयीसाठीं आम्ही ते देवनागरींत देत आहों, यंत्रावर ते रोमन लिपींतच उमटवावे.) महाराष्ट्र सरकारच्या शिष्यवृत्त्यांचें स्थळ "महाडीबीटी.महाराष्ट्र.गव्ह.इन" या पत्त्यावर आहे. शेवटाकडून चला: "इन" म्हणजे भारत, "गव्ह" म्हणजे त्यांतील सरकारी शाखा, "महाराष्ट्र" म्हणजे त्या शाखेखालचें राज्य, आणि "महाडीबीटी" म्हणजे त्या राज्याच्या घरांतील एक दालन. जिल्हा, तालुका, गांव, घर! "गव्ह.इन" ही शाखा भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे आहे, आणि तींत सरकारी कचेरीखेरीज कोणास नांव मिळत नाहीं. त्याचप्रमाणें "एसी.इन" ही शाखा अर्नेट इंडिया या संस्थेकडे असून तींतील नांव शिक्षणसंस्थेला कागदपत्रें दाखवूनच मिळवावें लागतें. पुणें, मुंबई, कोल्हापूर, गोवें या विद्यापीठांच्या पत्त्यांचा शेवट पाहिला तर तो "एसी.इन" असाच आढळेल.

मराठेशाहींतील पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब असे. शिक्का थाटाचा, मोर्तब लहानसें, पण कामाचें. मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं एक अक्षर घुसडूं नये, अशी ती हद्द असे. संकेतस्थळाच्या पत्त्यांतहि आरंभींचे शब्द म्हणजे थाट, "गव्ह.इन" किंवा "एसी.इन" हें मोर्तब. तें कोठें शोधावें? पत्त्याच्या आरंभीं दोन तिरक्या रेघा असतात, त्या सोडून द्याव्या. त्यानंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येईल तिच्या लगत डावीकडे मोर्तब असतें. रेघेच्या पलीकडे कितीहि लांब मजकूर असो, तो घराच्या आंतला सामान आहे. ओळख पटविण्यास त्याचा उपयोग नाहीं.

ठकांचे सारे डाव या एका जागेभोंवतीं फिरतात. कल्पना करा कीं, पत्ता आहे "शिष्यवृत्ति.गव्ह.इन.अर्जकेंद्र.कॉम". डावीकडून वाचणाऱ्याच्या डोळ्यांत "शिष्यवृत्ति" भरतें, "गव्ह.इन" भरतें, आणि तो निश्चिंत होतो. शेवटाकडून वाचणाऱ्यास प्रथम "कॉम" दिसतें, मग "अर्जकेंद्र". म्हणजे घर अर्जकेंद्र नांवाच्या कोणा व्यापाऱ्याचें, आणि त्यानें आपल्या एका खोलीच्या दारावर "सरकार" अशी पाटी ठोकली आहे. आपल्या घरांतील खोल्यांना काय नांवें द्यावींत हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें, त्याला कायद्यानें कोण अडविणार? दुसरा डाव आडव्या रेघेचा. "गव्ह" आणि "इन" यांच्यामध्यें टिंबाऐवजीं आडवी रेघ आली कीं तें मोर्तब राहत नाहीं, नुसता एक जोडशब्द होतो. तिसरा डाव अक्षरांचा: रोमन लिपींतील "आर" व "एन" हीं अक्षरें शेजारीं शेजारीं लिहिलीं तर "एम" भासतात, आणि रशियन लिपींतील एक अक्षर तर इंग्रजी "ए"हून डोळ्यांना निराळें दिसतच नाहीं. मुद्रितें तपासण्याची संवय असलेल्या माणसाला हे डाव लौकर सांपडतात; इतरांनीं पत्ता स्वतः टंकावा, आलेल्या दुव्यावर बोट ठेवूं नये, हा सुरक्षित मार्ग.

पुष्कळ सुशिक्षितांची समजूत अशी कीं, "ऑर्ग" म्हणजे धर्मादाय संस्था आणि "इन" म्हणजे सरकार. दोन्ही समजुती खोट्या. "ऑर्ग" कोणीहि घ्यावें, आणि २००५ सालापासून "इन" व "को.इन" हीं नांवेंहि बाजारांत कोणालाहि मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासाचें स्थळ "व्हाइटहाउस.गव्ह" आहे, १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेंच नांव "कॉम"च्या शेवटानें उघडणाऱ्यास जें दिसे तें सभ्य घरांत उघडण्याजोगें नव्हतें. दुसरी समजूत कुलुपाची. पत्त्याशेजारीं कुलूप दिसलें कीं स्थळ विश्वासाचें, असें बँकांपासून भाचरांपर्यंत सर्वांनीं आम्हांला सांगितलें आहे. कुलुपाचा अर्थ एवढाच कीं, तुम्ही आणि तें स्थळ यांच्यामधलें बोलणें तिसऱ्याला ऐकूं येत नाहीं. समोरचा साव आहे कीं चोर, हें कुलूप सांगत नाहीं, आणि चोरालाहि तें फुकट मिळतें. या गैरसमजाला कंटाळूनच गूगलनें आपल्या क्रोम न्याहाळकांतून तें कुलूप २०२३ सालीं काढून टाकलें.

येथवर सारें सोपें आहे. पण नियम शिकवून वर्गाबाहेर पडावें, तों एखादा चलाख विद्यार्थी गांठतो आणि म्हणतो, "सर, मग सीईटीची साइट खोटी कीं काय?" त्याचें बरोबर असतें. आमच्या राज्यांत अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधि अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षा घेणारा सीईटी कक्ष शासनाचा, पण त्याचा पत्ता "महासीईटी.ऑर्ग" असा. माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाचा शेवट नुसता "इन". आगगाडीचीं तिकिटें "आयआरसीटीसी.को.इन" वर. फार काय, देशाच्या चलनावर जिची सही असते ती रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षें "आरबीआय.ऑर्ग.इन" याच पत्त्यावर ओळखली जाते. हीं सर्व स्थळें खरीं आहेत, अस्सल आहेत; पण त्यांच्या पत्त्यावर मोर्तब नाहीं. हीं नांवें घेण्यामागें त्या त्या वेळीं कांहीं सोय असेल. परंतु आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्या ठिकाणीं सतरा-अठरा वर्षांचीं लाखों मुलें आपल्या आयुष्याचा अर्ज भरतात, त्या ठिकाणींच ओळखीची खूण नसावी, ही नुसती गैरसोय नव्हे. नागरिकानें सावध राहावें असा उपदेश करण्याचा अधिकार ज्यानें आपली खूण नीट लावली त्याचा.

सुदैवानें बँकांच्या बाबतींत हें शहाणपण सुचलें आहे. फेब्रुवारी २०२५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें "बँक.इन" अशी निराळी शाखा काढल्याचें जाहीर केलें. हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे तिची नोंदणी सोंपविली, आणि सर्व बँकांनीं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या शाखेंत यावें अशी मुदत घातली. आमच्या शेजारचे एक निवृत्त मामलेदार, वय ७८, यांना आम्हीं हा एकच शेवट पाठ करावयास सांगितला. त्यांनीं तो पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनें लिहून ठेवला आहे. महसूल खात्यांत चाळीस वर्षें शिक्के पाहिलेल्या माणसाला मोर्तबाचें महत्त्व समजावून सांगावें लागलें नाहीं.

परदेशीं मुलें असलेल्या घरांची अडचण जरा निराळी. प्रत्येक देशाचें मोर्तब वेगळें. इंग्लंडचें "गव्ह.यूके", ऑस्ट्रेलियाचें "गव्ह.एयू", न्यूझीलंडला एक अक्षर अधिक हवें म्हणून "गव्हट.एनझेड", फ्रान्सनें फ्रेंच बाणा राखून "गूव्ह.एफआर" घेतलें, आणि कॅनडाचें सरकार तर "कॅनडा.सीए" एवढ्यावर भागवितें. विद्यापीठांत "एज्यु" हा शेवट २००१ पासून अमेरिकेंतील मान्यताप्राप्त उच्चशिक्षणसंस्थांनाच मिळतो. पण जर्मनीचीं वा कॅनडाचीं नामांकित विद्यापीठें नुसत्या देशाक्षरांवर समाधान मानतात, म्हणून त्यांना बोगस ठरवूं नये. उलट दिशेनें येणाऱ्यांचीहि काळजी आहे. टोरांटोस वाढलेला, तिकडचें पारपत्र असलेला पुतण्या लग्नासाठीं येतो तेव्हां त्याला भारताचा व्हिसा लागतो. त्याचें सरकारी स्थळ "इंडियनव्हिसाऑनलाइन.गव्ह.इन", पण शोधयंत्रांत त्याच्या आगेमागे तशाच नांवाचीं दुकानें बसलेलीं असतात आणि तींच सेवा चढ्या भावानें विकीत असतात. पारपत्राचीहि तीच कथा. "पासपोर्टइंडिया.गव्ह.इन" या स्थळानें बनावट स्थळांपासून सावध राहण्याची सूचना स्वतःच्या माथ्यावर लावून ठेवली आहे, ती सूचना वाचावयास मात्र आधीं खऱ्या स्थळावर पोंचावें लागतें, हा त्यांतील विनोद.

शोधयंत्राचा उल्लेख आला म्हणून सांगतों. यादींत जें पहिलें, तें खरें, असें मानण्याची संवय आपल्याला शाळेच्या गुणपत्रिकेमुळें लागली असावी. तेथें पहिला क्रमांक पुष्कळदां विकत घेतलेला असतो. शेजारीं बारीक अक्षरांत तसें लिहिलेलेंहि असतें. त्यापेक्षां एका खात्रीच्या दारांतून आंत शिरून पुढचीं दारें शोधावींत. "इंडिया.गव्ह.इन" हें असें एक दार, "आयगॉड.गव्ह.इन" हें दुसरें, जेथें केंद्राच्या व राज्यांच्या कचेऱ्यांच्या स्थळांची सूची ठेवलेली आहे. "ऑर्ग"वालीं अस्सल स्थळेंहि अशाच वाटेनें गांठावींत: मोर्तब नसलें तर ज्याच्यावर मोर्तब आहे अशा कोणाची शिफारस पाहावी. आणि पैसा गेलाच, तर लाजून गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें, तक्रारीचें स्थळ "सायबरक्राइम.गव्ह.इन". पहिल्या तासा-दोन तासांत कळविलें तर पैसा वाटेंत अडविण्याची आशा असते. आमच्या त्या विद्यार्थ्याला हें कळलें तेव्हां दोन महिने होऊन गेले होते. त्याचें खातें बदलून दिलें. शिष्यवृत्तीचें वर्ष गेलें तें गेलें. फीचा हप्ता भरण्यासाठीं वडिलांनीं दिवाळीच्या शिलाईची उचल आधींच घेतली.

एक गोष्ट राहिली. नांवें हीं कायमचीं नसतात. तीं भाड्यानें घेतलेलीं असतात, आणि भाडें थकलें कीं दुसऱ्याला जातात. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयानें नवें "एसी.इन" नांव घेतल्यावर जुन्या "कॉम" नांवाचें वार्षिक भाडें भरावयाचें सोडून दिलें. जुन्या माहितीपुस्तिकांवर, फाटकाच्या पाटीवर, माजी विद्यार्थ्यांच्या पत्रांवर तेंच नांव राहिलें. आणि कांहीं महिन्यांनीं तेथें पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात झळकूं लागली. म्हणून पाठ केलेला पत्ताहि अधूनमधून तपासावा लागतो. आयकराचें अर्ज भरण्याचें स्थळ जून २०२१ मध्यें बदललें तेव्हां लांबलचक जुनें नांव जाऊन "इन्कमटॅक्स.गव्ह.इन" हें सुटसुटीत नांव आलें, शब्द बदलले, शेवट तोच राहिला, आणि ज्यांना शेवट ठाऊक होता ते गोंधळले नाहींत.

यंदा आम्हीं कॉलेजच्या सूचनाफलकावर आमच्या हस्ताक्षरांत एक यादी लावली आहे. प्रवेश, शिष्यवृत्ति, परीक्षा, पारपत्र असे मिळून चौदा पत्ते. मोर्तब तांबड्या शाईनें. पांच पत्त्यांखालीं तांबडी शाई नाहीं, कारण लावावयास मोर्तबच नाहीं; तेथें शेजारीं "कचेरींत विचारून खात्री करावी" असें लिहावें लागलें आहे. मुलें यादीचें छायाचित्र मोबाइलवर घेऊन जातात. पुढल्या मे महिन्यांत ती काढून प्रत्येक पत्ता पुन्हां उघडून पाहावयाचा आहे. शिवणकाम करणाऱ्याचा तो मुलगा आतां द्वितीय वर्षांत असून तें काम त्यानें मागून घेतलें आहे.